बोधचिन्हातली होडी

“मग ते सगळे उभे का राहिले, फादर?”

ब्रदर ऑल्विनने सायकल भिंतीला टेकवायच्या आधीच विचारलं.

फादर हिलरी व्हरांड्यात वाल सोलत बसले होते. बावीस वर्षं दर्यापाड्याच्या कोळ्यांचे धर्मगुरू होते ते, आता निवृत्त. ऑल्विनला सेमिनरीची वाट त्यांनीच दाखवली होती.

“बस आधी,” ते म्हणाले. “कोण उभं राहिलं?”

“दर्यापाड्याची माणसं. चाळीसच्या चाळीस घरं.”

दर्यापाड्याचं छोटं चर्च समुद्राने खाल्लं होतं. भरतीचं पाणी थेट वेदीपर्यंत यायला लागलं, तेव्हा बिशपांनी तो धर्मग्राम बावखळच्या मोठ्या धर्मग्रामात मिळवला. येत्या रविवारी दोन्ही गावांची पहिली एकत्र मिस्सा, चर्चमधली उपासना, व्हायची होती. नव्या धर्मग्रामाला नवं बोधचिन्ह हवं होतं, आणि ते ऑल्विनने काढलं होतं. ऑल्विन बावखळचा, पानवेलीच्या वाडीत वाढलेला. चित्रकला शिकलेला, आणि ते विसरू न देणारा.

“काल बोधचिन्हाचा झेंडा त्यांना दाखवायला नेला,” तो म्हणाला. “उलगडल्याबरोबर सगळे उठले. म्हाताऱ्यासुद्धा. मला वाटलं, मान देतायत. मी अर्धा तास अर्थ सांगितला. कुणी बसलं नाही, कुणी बोललं नाही. झेंडा गुंडाळला तसे मुकाट्याने घरी गेले.”

“आणि?”

“आज सकाळी बस्त्याव तांडेल आला, सगळ्यांच्या वतीने. म्हणाला, आम्हांला कळलं. रविवारी आम्ही घरीच प्रार्थना करू.”

फादरांचे हात थांबले.

“बस्त्याव असं म्हणाला…”

“माझं काय चुकलं, फादर? त्यांचं एकही चिन्ह मी सोडलेलं नाही!”

त्याने पिशवीतून मूळ चित्र काढलं. बटर पेपरचे दोन कागद, एकावर एक. खालच्यावर बावखळच्या चर्चचा मनोरा आणि पानवेल. वरच्यावर शिडाची होडी.

“बारा लाटा म्हणजे बारा प्रेषित. डोलकाठी म्हणजे क्रूस. शिडात भरलेला वारा म्हणजे पवित्र आत्मा. नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर, ‘संत पेत्र’ लिहिलंय, त्यांच्या चर्चचं नाव. आणि होडी निघालीय जगाकडे, सुवार्ता घेऊन.”

“छान काढलीयस,” फादर म्हणाले. ते मनापासून म्हणाले. “दोर तर अगदी खरे वाटतात.”

ऑल्विन जरा सुखावला.

“तू कधी होड्या सुटताना पाहिल्यास का रे?”

“नाही. आमचं घर वाडीत. पहाटे पाणी लावायचं असायचं.”

“होडी सुटली की किनाऱ्यावर कुणी बसत नाही. शीड दिसेनासं होईपर्यंत उभं राहायचं. बोलायचं नाही. दर्यापाड्याची रीत आहे ती.”

ऑल्विनने चित्राकडे पाहिलं.

एका बाजूला मनोरा. त्याच्याकडे पाठ करून होडी. तोंड उघड्या समुद्राकडे. होडीत माणूस एकही नाही.

दर्यापाड्याची होडी त्याने बावखळहून घालवून दिली होती.

“फादर… बस्त्यावची बायको शेवटपर्यंत उभी होती. तिला काठीशिवाय उभं राहता येत नाही. आणि मी तिला लाटा मोजून दाखवत होतो.”

त्याचे डोळे भरून आले. फादरांनाही ते बघवेना. वाल सोलायला घे म्हणावं तसं त्यांनी टोपलं त्याच्याकडे सरकवलं, पण त्याने हात लावला नाही.

“आता काय करू? झेंडा शिवून झालाय. बिशपांना चित्र दाखवून झालंय. प्रत्येक रेषेला अर्थ आहे, फादर. कुठली पुसू?”

“पुसतोस कशाला?”

फादरांनी हात झग्याला पुसले. वरचा कागद दोन बोटांनी अलगद उचलला, पालथा केला आणि पुन्हा मनोऱ्यावर ठेवला.

कागदातून शाई आरपार दिसत होती. तीच होडी, तेच शीड, त्याच बारा लाटा.

होडी मनोऱ्याकडे येत होती.

ऑल्विन वाकून पाहत राहिला. मग त्याच्यातला चित्रकार कळवळलाच.

“पण फादर… नाळेवरची अक्षरं उलटी झाली.”

फादरांनी टोपलं परत पुढ्यात ओढलं आणि एक शेंग उचलली.

“अक्षरं मागाहून सुलटी कर, बाळा. आधी त्यांना किनाऱ्याला लागू दे.”