गाडीवरची चौकट

आमच्या गावच्या इनामदारांनी घराची दुरुस्ती काढली आणि नारबा सुताराचा जीव खाल्ला. पुढच्या दाराची चौकट आधी पूर्वेला बसली, हळद-कुंकू वाहिलं, नारळ फुटला. आठ दिवसांत हुकूम आला, ती उत्तरेला हवी. मग पुन्हा पूर्वेला, पुन्हा उत्तरेला. चौथा हुकूम, परत पूर्वेचा, वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी आला. नारबानं चौकट उपटली, पण परत बसवली नाही.

सकाळी पाहुणे जमले, तर दाराच्या जागी नुसतं भगदाड. इनामदार सगळ्यांदेखत कडाडले, "ह्या सुताराला कामाची आखणीच जमत नाही. चौकट कुठाय?"

नारबानं अंगणात बैलगाडी आणली. तिच्यावर चौकट उभी बांधलेली होती.

"ही घ्या. मर्जी फिरेल तिकडं गाडी फिरवा. मी आता भिंत फोडणार नाही."

"मला बैल हाकायला सांगतोस?"

"बैलांचं बरं असतं, सरकार. एकदा उभे केले की जागचे हलत नाहीत."

पाहुण्यांत कुणीतरी फिसकन हसलं. इनामदारांनी पूर्वेकडं बोट दाखवलं. ते बोट खाली यायच्या आत नारबानं चौकट उतरवून घेतली.