गोजाबाईला मानवलेलं गाव

एकदा काय झालं, एका राजाला वाटलं, आपली राजधानी सगळ्यांत मोठी पाहिजे. मग त्यानं ती पोळीसारखी लाटायला घेतली. बाजार गेला उगवतीला, पाणवठा गेला मावळतीला, देऊळ गेलं पार डोंगराच्या मुळाशी. मधे हे एवढाले रस्ते, आणि त्यांवर घोडागाड्यांची नुसती धूळ. मीठ संपलं म्हणून सकाळी निघालेला माणूस दुपारी घरी यायचा. तोवर आमटी गार.

त्या नगरीत एक सासू आणि एक सून राहायच्या. सासूचं नाव गोजाबाई, सुनेचं सुंद्रा. घरात तिसरं कोणी नाही. दोघीच एकमेकींना. सुंद्रा लोकांच्या गोधड्या शिवायची. आणि गोजाबाई? तिला सगळ्या आळीची खबर. कोणाकडे बारसं, कोणाची म्हैस व्याली, कोणाचा जावई रुसला. पण नगरी लाटली गेली आणि बिचारी घरात बसली. जाणार कुठं? मैत्रीण दोन कोसांवर. रस्ता ओलांडावा तर घोडे अंगावर.

मग एक नवल झालं. गोजाबाई लहान व्हायला लागली. वयानं नाही बरं का, मापानं! रोज तीळभर. आधी कोणाला कळलंच नाही. मग लुगडं पायांत यायला लागलं. मग उंबरा ओलांडता येईना. आणि एके दिवशी सुंद्रा बघते तर काय, सासूबाई तांब्याएवढ्या!

सुंद्रानं वैद्याला बोलावलं. त्यानं नाडी पाहिली. ती दोऱ्याएवढी.

"ह्याला औषध नाही बाई," वैद्य म्हणाला. "जो माणूस आपल्या पायांनी चार माणसांत जात नाही, तो असा आटत जातो. हिच्यासाठी गाव शोध. चुलीवर भात ठेवून निघावं, मीठ आणावं, देवाला हात जोडावेत, दोघांशी बोलावं, आणि घरी यावं तेव्हा भात नुकता शिजलेला असावा. असं गाव. पण लवकर बघ. राईएवढी झाली की मग कोणाच्याच हाती नाही."

सुंद्रा रडली. मग डोळे पुसले, टोपलीत मऊ गोधडी अंथरली, सासूला त्यात ठेवलं आणि टोपली डोक्यावर घेतली.

"आत्याबाई, धरून बसा हं."

"बसते गं. पण तू बेतानं चाल, हिंदकळायला होतं."

चालता चालता पहिलं गाव लागलं. संगमरवराचं! रस्ते असे चकचकीत की तोंड बघून घ्यावं. पण झाड नाही, सावली नाही, आणि रस्त्यावर माणूस नाही. सगळे पालखीत. वेशीवरचा रखवालदार म्हणाला, "पायी? आमच्यात पायी कोणी चालत नाही. कमीपणा वाटतो." तापलेल्या दगडांनी सुंद्राचे तळवे भाजले. ती तशीच पुढं निघाली. तोवर गोजाबाई झाली वाटीएवढी.

मग दुसरं गाव लागलं. ते मात्र छोटंसं. विहीर जवळ, वाण्याचं दुकान जवळ, देऊळ हाताशी. सुंद्राला कोण आनंद झाला! तिनं तिथं एक खोली घेतली, चुलीवर भात ठेवला आणि म्हणाली, "जा आत्याबाई, फिरून या."

गोजाबाई निघाली तुरुतुरु. पण सगळी दारं बंद. तिनं एक दार वाजवलं.

आतून आवाज आला, "काय काम आहे?"

"काम काही नाही. सहज आले."

"सहज कोणी येतं का?"

दार काही उघडलं नाही. दुसऱ्या घरीही तेच, तिसऱ्या घरीही तेच. भात शिजायच्या आत गोजाबाई परत आली, पण आली ती सुपारीएवढी होऊन!

"सुंद्रे, गाव जवळ आहे गं, पण माणसं लांब आहेत," ती म्हणाली. आवाज कसा, तर मुंगीच्या पैंजणाएवढा. "मला इथंच ठेव. तू तरुण आहेस, तू जा."

सुंद्रा अशी चिडली! "परत असं बोललात ना आत्याबाई, तर टोपली उपडी घालून ठेवीन." आणि टोपली डोक्यावर घेऊन तरातरा चालायला लागली.

मग तिसरं गाव लागलं. त्याचं नाव हाकेपूर. का? तर ह्या टोकाला हाक मारली की त्या टोकाहून ओ यायची. एकच वाकडातिकडा रस्ता, दोन्ही बाजूंना कडुनिंब, आणि दारोदारी बसायला ओटे. सुंद्राला वाटलं, हेच ते.

पण पाटील म्हणाले, "गाव भरलंय बाई. एक खोली रिकामी नाही. ओढ्यापलीकडं जागा देतो हवी तर. असेल इथून अर्धा कोस."

अर्धा कोस! सुंद्रानं टोपली खाली ठेवली आणि मटकन बसली.

तेवढ्यात टोपलीतून आवाज आला, "मला रस्त्यावर ठेव."

"तुडवेल कोणीतरी!"

"ठेव म्हणते ना."

ठेवलं. सुपारीएवढी म्हातारी भर बाजारातून चालायला लागली. एका कुंभारानं पाहिलं आणि बैलाची वेसण गच्च ओढली. "अहो, जपून! म्हातारबाई चालल्यात!" सगळा रस्ता थांबला. "कोणाच्या तुम्ही? कुठनं आलात?" गोजाबाईनं सांगितलं, आणि सांगता सांगता झाली लिंबाएवढी. पुढं फुलवाल्या बाईनं उन्हासाठी तिच्या डोक्यावर कण्हेरीचं फूल धरलं. "पलीकडं तोंड फिरवून बसलाय तो तुमचा जावई ना? रुसलेला दिसतोय," गोजाबाई म्हणाली. "अगं बाई, तुम्हाला कसं कळलं?" दोघी अशा हसल्या! गोजाबाई झाली नारळाएवढी.

पुढं होतं भिवराबाई तेलिणीचं घर. एकटी बाई, अंगणात घाणा फिरतोय.

"कोणाकडं निघालात?" भिवराबाईनं विचारलं.

"कोणाकडं नाही. सहज."

"मग आत या की! सहज कोणी येतच नाही माझ्याकडं. मी आपली बैलाशी बोलते. तो ऐकतो, पण ओ देत नाही." आणि सगळी हकीकत ऐकून म्हणाली, "पडवी रिकामी पडलीय माझी. दोघी राहा. ओढ्यापलीकडं कशाला जाता?"

मग काय! दुसऱ्या दिवशी सुंद्रानं भात चुलीवर ठेवला. गोजाबाई मीठ आणायला गेली, देवाला हात जोडले, चार ओट्यांवर टेकली. परत आली तेव्हा भात थोडा करपला होता, कारण चौथ्या ओट्यावर गप्पा जरा लांबल्या. पण येताना कळशीएवढी झाली होती! आठवडाभरात पहिल्यासारखी झाली. त्याहून बोटभर जास्तच, बरं का. भिवराबाईच्या दाराच्या चौकटीला डोकं आपटायला लागलं. मग कुंभारानं येऊन चौकटच उंच करून दिली.

सुंद्राच्या गोधड्या घरोघर गेल्या. भिवराबाईच्या घाण्यापाशी रोज संध्याकाळी बायका जमायला लागल्या. बैलालासुद्धा करमायला लागलं म्हणे. त्या तिघी तिथं सुखानं राहिल्या. खूप वर्षं राहिल्या.

गोष्ट पोचली आपल्या घरी. तुम्हीपण आता झोपेच्या गावी पोचा. सरका बघू जरा, मलाही आडवं होऊ द्या.