पिटीच्या पिल्लाचा खुळखुळा

कातारीबाबा लाकूड फिरवायचे गरगर, पटाशीनं कातायचे सरसर. खेळणी करायचे. त्यांच्या भिंतीत एक भोक. भोकात राहायची पिटी उंदरी.

एकदा काय झालं, पिटीच्या पिल्लाचा खुळखुळा तडकला. टक्! पिल्लू रडायला लागलं. चीं चीं चीं! काही केल्या निजेना.

पिटी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बाबा, बाबा,
पिल्लू रडतंय.
खुळखुळा द्या ना!"

"अगं, तो ओल्या लाकडाचा होता. ओलं तडकायचंच. वाळकं लाकूड आण, मग देईन."

पिटी गेली शिसवीच्या झाडाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"शिसवीबाई, शिसवीबाई,
पिल्लू रडतंय.
बाबांना हवं वाळकं लाकूड.
वाळकी फांदी द्या ना!"

"कशी देऊ गं बाई? बुंध्याला वाळवी लागलीय. नुसती खाज, खाज! वाळवी घालव, मग देईन."

पिटी गेली कोंबडीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"कोंबडीताई, कोंबडीताई,
पिल्लू रडतंय.
बाबांना हवं वाळकं लाकूड.
शिसवीला लागली वाळवी.
वाळवी खा ना!"

"आणि माझी अंडी गार पडू देत होय? मऊ भुसा आण. अंडी झाकीन, मग येईन."

भुसा होता बाबांच्या पायाशी. ढीगभर! पण ढिगावर कोण? मांजर!

पिटी दोन पावलं मागे सरली. तरी गेली.

"मांजरमावशी, मांजरमावशी,
पिल्लू रडतंय.
बाबांना हवं वाळकं लाकूड.
शिसवीला लागली वाळवी.
कोंबडीला हवा मऊ भुसा.
जरा उठा ना!"

मांजरीनं एक डोळा उघडला.

"खाऊ का गं तुला?"

"खा. पण आधी पिल्लू निजू दे."

मांजरीनं दुसराही डोळा उघडला.

"केवढं आहे गं?"

"अजून डोळेसुद्धा उघडले नाहीत."

"माझ्याही पिल्लाचे नाहीत गं," मांजर म्हणाली. आणि उठली. "ने हवा तेवढा."

मग काय!

मांजर उठली, पिटीनं भुसा नेला.
भुसा मिळाला, कोंबडीनं अंडी झाकली.
अंडी झाकली, वाळवी टिपली. टकटक, टकटक.
वाळवी गेली, शिसवीनं वाळकी फांदी टाकली. धप्प!
फांदी मिळाली, बाबांनी लाकूड कातलं. गरगर, सरसर.

झाला की बोराएवढा खुळखुळा!

पिटीनं वाजवला. खुळखुळ, खुळखुळ. पिल्लानं एक हुंदका दिला. मग एक जांभई. आणि निजलं.

भिंतीपलीकडे मांजर ऐकत होती. खुळखुळ, खुळखुळ. तिचंही पिल्लू निजलं.

शू... आता हळू बोला हं.