भिंतीतून गेलेली म्हातारी

एकदा एका स्थपतीचा शिष्य धर्मशाळेचा आराखडा घेऊन गुरूंसमोर बसला. त्याचे हे पहिलेच स्वतंत्र काम. तीन महिने खपून त्याने रंगीत नकाशे काढले होते, सागवानी प्रतिकृती घडवली होती. कोणकोणते प्रवासी येतील याची वर्णनेसुद्धा घरबसल्या लिहून ठेवली होती. धर्मशाळा बांधणारा व्यापारी त्याच सकाळी यायचा होता. त्याला आराखडा पटला तर काम शिष्याचे, नाहीतर पुन्हा चुना मळणे नशिबी.

गुरूंनी सारे निरखून पाहिले, "सुरेख!" म्हणाले आणि रेघा आखायच्या पांढऱ्या फक्कीची टोपली घेऊन माळावर निघाले. तेवढ्यात व्यापारीही आला. त्याच्या डोळ्यांदेखत त्यांनी तो नकाशा शिष्याकडून जमिनीवर खऱ्या मापाने आखून घेतला. पाण्याच्या जागी खरा माठ ठेवला. मग रस्त्याने चाललेल्या एका म्हातारीला हाक मारली, "मावशी, ही धर्मशाळा समजा. आत या अन् मुक्काम करा."

डोक्यावरचे बोचके सावरत म्हातारी दारातून आत आली. तिने इकडेतिकडे पाहिले आणि पांढरी रेघ तुडवत ती सरळ पलीकडच्या माठाकडे निघाली.

"आजी, तिथं भिंत आहे!" शिष्य ओरडला.

"असंल बाबा. पाच कोस चालून आल्यावर मी आधी पाणी पिऊ, का तुझ्या खोल्यांना वळसा घालू?"

व्यापारी खो खो हसला. शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. गुरूंनी चारचौघांत आपली शोभा केली याचा त्याला रागच आला.

गुरू शांतपणे म्हणाले, "तुझा प्रवासी तू मनाने रचलास, म्हणून तो मुकाट्याने तुझ्याच वाटेने चालला. कागदावर कोणी तहानलेले येत नाही रे, मग तिथे चूक दिसणार कशी? फक्कीची भिंत पायाने पुसता येते. दगडाची झाली, की म्हाताऱ्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या वळसा घालायचा."

शिष्याने पायाने ती रेघ पुसली, माठ कवेत घेऊन दाराशी आणला आणि म्हणाला, "आजी, पुन्हा एकदा येता का? कुठं अडलात तर सांगा."

व्यापाऱ्याचे हसू मावळले. "काम याच्याकडेच राहू द्या," तो गुरूंना हळूच म्हणाला.

म्हातारी आत आली, पोटभर पाणी प्याली आणि ऐसपैस बसली. "बरं, चूल कुठं मांडलीयस?"

"तुम्हीच दाखवा, आजी," शिष्य म्हणाला.

संगणकाच्या पडद्यावर आराखडे रचणाऱ्यांनो, तुमचीही कोणी मावशी रस्त्याने चालली असेल. तिला वेळेवर हाक मारा.