रिकामे खड्डे

झाडं तुम्ही लावली नाहीत. झाडांसोबत मिरवलात फक्त. माणसं बघत होती तेवढा वेळ हात मातीत ठेवलेत, मग हात धुतलेत आणि पाठ फिरवलीत. हे कोणाला उद्देशून आहे, असं विचारू नका. ज्याचे हात फार स्वच्छ आहेत, त्याला कळेल.

तर फार फार पूर्वी, एका नदीच्या वळणावर एक नगर होतं. उंचावर राजवाडा, आणि पाण्यालगत खालची आळी. आळीत टोपल्या विणणारे, परीट आणि कोळी राहत. दर पावसाळ्यात नदी फुगे आणि सगळ्यांत आधी या आळीत शिरे.

एका म्हाताऱ्या नावाड्याने राजाला सांगितलं होतं, "भिंत बांधाल तर पाणी भिंत फोडेल. त्यापेक्षा काठावर वाळुंज लावा, करंज लावा. त्यांच्या मुळांत अडखळून पाणी दमतं."

राजाला हे फार आवडलं. इतकं आवडलं, की त्याने त्याचा उत्सवच करून टाकला. दर आषाढात मांडव पडे, ताशे वाजत, हत्तीवरून राजा येई आणि मुहूर्तावर हजार रोपं लागत. सगळ्यांना लाडू मिळत. दुसऱ्या दिवशी मांडव सुटे. मग काठाकडे कोणी फिरकत नसे. शिमग्यापर्यंत रोपांच्या काटक्या होत.

आठ वर्षं हेच चाललं. गंमत अशी, की खड्डे पहिल्या वर्षीचेच होते. दर वर्षी काटकी उपटायची आणि त्याच खड्ड्यात नवं रोप ठेवायचं.

आठव्या पुरानंतर दवंडी फिरली. आणखी एकदा पाणी शिरलं, तर आळी उठवून डोंगरापलीकडे नेणार.

टोपल्या विणणाऱ्या एका बाईने दवंडी ऐकली आणि हातातली कांब खाली ठेवली. "पाणी अडवत नाहीत ते," ती म्हणाली, "आणि उठवणार आम्हाला?"

नवव्या वर्षी राजा वाजतगाजत काठावर आला. रोप हातात घेऊन पहिल्या खड्ड्याशी वाकला, तर खड्ड्यात ती बाई बसलेली. कमरेपर्यंत चिखल. पुढच्या खड्ड्यात परीट, त्याच्या पुढच्यात कोळीण. नजर जाईल तिथवर प्रत्येक खड्ड्यात एकेक माणूस.

"ऊठ गं!" राजामागून आलेला खजिनदार ओरडला. "मुहूर्त टळतोय!"

"टळू द्या. आठ मुहूर्त साधले, काय उगवलं?" बाई राजाकडे वळली. "महाराज, यंदा रोपं नकोत. आम्हालाच लावा. आम्ही निदान उन्हाळ्यात इथेच असतो."

काठावर हशा पिकला. राजाचा चेहरा लाल झाला. "ओढून काढा हिला!"

शिपाई पुढे झाले. एक मात्र जागचा हलला नाही. "महाराज," तो खाली बघत म्हणाला, "त्या तिसऱ्या खड्ड्यात माझी आई आहे."

बाकीचेही थांबले.

राजाने मग आवाज उतरवला. "काय हवंय तुम्हाला?"

"झाडं वाढेपर्यंत आळी उठवायची नाही. उत्सव बंद करा. हत्ती, मांडव, लाडू यांवर जे उधळता, ते काठाला द्या. आणि धक्क्याला लागणाऱ्या प्रत्येक नावेच्या जकातीतला दहावा वाटा, दर वर्षी, न चुकता. त्यातून पाणी घालणाऱ्याला मजुरी, कुंपणाला काट्या, मेलेल्या रोपाच्या जागी नवं रोप. आणि तो वाटा आळीच्या हातात राहील, वाड्याच्या नाही."

खजिनदाराला ठसका लागला. "जकात काय झाडांना पाजायची?"

"काठ आहे म्हणून धक्का आहे, साहेब. धक्का आहे म्हणून जकात. ज्याच्या जिवावर खाता, त्याला घासभर द्यायला जड जातंय?"

"आणि नाही दिलं तर? किती दिवस बसाल?"

"झाडाला लागतात तितके."

तोवर कंटाळलेल्या हत्तीने गाड्यातली अर्धी रोपं खाऊन टाकली होती. राजाने हत्तीकडे पाहिलं, खड्ड्यांकडे पाहिलं, हातातल्या रोपाकडे पाहिलं. मग ते रोप त्याने बाईच्या हातात दिलं.

धक्क्यावर दगडात आज्ञा कोरली गेली. त्यानंतर ताशे वाजले नाहीत. चैत्रात, वैशाखात मात्र कावडी वाहणाऱ्यांना मजुरी मिळत राहिली. एका वर्षी पाऊस रुसला, निम्मी रोपं गेली. पण नावा येत होत्या, वाटा येत होता. निम्मी पुन्हा लागली.

आज्ञेनंतर सातव्या वर्षी पूर आला, आधीच्या सगळ्यांहून मोठा. पाणी वाळुंजांत घुसलं, अडखळलं, वळलं, दमलं. आळीच्या उंबऱ्याशी आलं तेव्हा घोटाभर होतं. तिथूनच ते परतलं. आळी जागच्या जागी राहिली.

पूर ओसरताच खजिनदार हजर. "झाडं आता मोठी झाली. जकातीचा वाटा थांबवू या."

बाईचे केस पिकले होते. "थांबवा की," ती म्हणाली. "खड्डे बुजलेत, पण बसायचं कसं ते आम्ही विसरलो नाही."

वाटा थांबला नाही.

झाड लावायला एक दिवस पुरतो; ते जगवायला दर वर्षीची तरतूद लागते, आणि ती कोणी देत नसेल तर हटून घ्यावी लागते.

काठावरच्या वाटेने म्हातारा माहूत हत्तीला पाण्यावर नेत होता. करंजाखाली हत्ती थांबला. माहुताने वर पाहिलं आणि हत्तीच्या कानामागे थोपटलं. "नऊ वर्षं तुला इथे मिरवायला आणलं लेका," तो म्हणाला, "सावलीत उभा आज राहिलास."