मिरचीचं बी आणि मोड आलेली मटकी

बियाणं बोलायचं आणि माणसं ऐकून घ्यायची, त्या काळची ही गोष्ट. गोदाक्काने मिरचीचं बी भिजवून करवंटीतल्या मातीत पेरलं आणि करवंटी चुलीजवळ उबेला ठेवली. शेजारीच ओल्या फडक्यात भिजवलेली मटकी बांधली.

सकाळी मटकीला लांबलचक मोड आले. गोदाक्काने बोटाने माती उकरून बी वर काढलं. "कालच दोघांना भिजवलं ना? तुला काय धाड भरली?"

मटकी फिदीफिदी हसली.

बी भडकलं, "रोपासाठी पेरलंस ना मला? मग मूळ धरायच्या आधीच उकरतेस कशाला? आणि हिला मोड कशासाठी आणलेस, तेही सांग की हिला एकदा!"

गोदाक्काने बी पुन्हा मातीत झाकलं आणि फोडणीसाठी कढई चुलीवर ठेवली.

फडक्यातलं हसू एकदम थांबलं.