बिनशिट्टीचा कुकर

जो जास्त आवाज करतो त्यालाच तुम्ही कामाचा समजता आणि बाकीच्यांना भंगारात काढता!

भांडी अजून मोकळेपणी बोलत असत त्या काळी एका ओट्यावर एक जुना कुकर होता. त्याची शिट्टी वाजेनाशी झाली होती. घरात नवा कुकर आला आणि जुन्याला भंगारात द्यायचं ठरलं.

"शिट्टी नाही तो कसला कुकर?" नवा म्हणाला. "निघा आता, आजोबा!"

त्याच रविवारी घरातल्या ईशाला संत्र्याचा केक करायचा होता. ओव्हन नव्हता. तिने जुना कुकर उचलला, त्याची शिट्टी आणि रबर काढून ठेवलं, तळाशी मीठ पसरलं आणि त्यावर केकचं भांडं ठेवलं. "केकला वाफ कोंडायची नसते, आई. याच्यातच होईल."

"उरलीसुरली शिट्टीही गेली!" नवा हसला. "झालं की सांगणार कसं?"

जुना कुकर घाबरला. केक बिघडला तर भंगार ठरलेलंच. तरी मंद आचेवर तो गुपचूप तापत राहिला. हळूहळू संत्र्याच्या सालीचा वास घरभर पसरला. बाबा पेपर टाकून आले, शेजारच्या काकूंनी बेल वाजवली. झाकण काढलं, तर केक मस्त फुगलेला!

"हा कुकर आता केकचा," आई म्हणाली. "याला कुठेही द्यायचं नाही."

नवा कुकर फुरंगटला. "मी शिट्ट्या देतो तेव्हाही लोक धावत येतातच की!"

"येतात ना," सांडशी म्हणाली, "गॅस बंद करायला."